सोबत नेलेली माणसे

परदेशात नोकरी लागली की आपल्या मंडळ्यांत आभाराची प्रार्थना होते. जाणाऱ्याचे नाव घेतले जाते, त्याच्या कामावर आशीर्वाद मागितला जातो. वर्ष-दोन वर्षांनी त्याची पत्नी व मुले त्याच्याकडे जावयास निघतात, तेव्हाही प्रार्थना होते. पण प्रवास सुखरूप व्हावा यापलीकडे तिच्यात फारसे काही नसते. कुटुंब एकत्र आले, आता सारे ठीक झाले, असे आपण धरून चालतो. वास्तविक या दोन जाण्यांत मोठे अंतर आहे. नोकरीवर जाणाऱ्याला तेथे हुद्दा असतो, कामाचे तास असतात, सहकारी असतात. त्याच्या मागून जाणाऱ्यांची वाट त्याच्याखेरीज कोणीच पाहत नसते. या अंतराकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय घडते, हे आपणा सर्वांना परिचित असलेल्या एका घराच्या इतिहासात दिसते.

विल्यम कॅरी हे नाव मराठी ख्रिस्ती वाचकाला नवे नाही. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण व १८१० मध्ये मराठी कोश सेरामपूरच्या छापखान्यातून निघाला. १८११ मध्ये मराठी नवा करार छापून झाला. त्यांच्या पत्नीविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. डॉरोथी प्लॅकेट यांचा विवाह कॅरींशी १७८१ मध्ये झाला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. विवाहनोंदीत त्यांनी सहीऐवजी खूण केली. खेड्यात वाढलेल्या या बाईने पतीसोबत गरिबी काढली आणि दोन लहान मुली गमावल्या. १७९३ च्या प्रारंभी कॅरींची भारतासाठी निवड झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांनी जावयास नकार दिला. मग थोरल्या फेलिक्सला घेऊन कॅरींनी निघावे आणि बाकीच्यांनी मागे राहावे, असे ठरले.

परवान्याच्या अडचणीमुळे कॅरींना जहाजावरून उतरविण्यात आले आणि ते घरी परतले. एव्हाना जेबेझचा जन्म झाला होता. दुसरे, डेन्मार्कचे, जहाज मिळाले होते आणि वेळ अगदी थोडा होता. डॉरोथींनी पुन्हा नकार दिला. तेव्हा कॅरींचे सहकारी जॉन थॉमस एकटेच मागे वळून घरात गेले आणि आता आला नाहीत तर कुटुंब कायमचे दुभंगेल, जन्मभर पस्तावाल, असे त्यांनी बाईंना सांगितले. धाकटी बहीण किटी सोबत येत असेल तर येते, अशी अट घालून त्या तयार झाल्या. सामान बांधायला एक दिवसही पुरता मिळाला नाही. १३ जून १७९३ रोजी जहाज सुटले. फेलिक्स, विल्यम, पीटर आणि काही आठवड्यांचा जेबेझ हे चार मुलगे बरोबर होते. पाच महिन्यांनी, नोव्हेंबरात, ते कलकत्त्यास पोहोचले.

त्या संमतीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न वाचकांनी स्वतःलाच विचारावा. भीती घालून मिळविलेला होकार हा होकार नव्हे, असे माझे मत आहे. किटीविषयीची अट तर फार शहाणपणाची होती. परक्या मुलखात आपल्या भाषेत, आपल्या घरातले बोलणारे एक माणूस हवे, हे या निरक्षर बाईला कळले होते. परंतु भारतात आल्यावर काही महिन्यांतच किटीचा विवाह ठरला आणि तो आधारही दूर झाला.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. पैसे संपले, घरे बदलत बदलत हे कुटुंब सुंदरबनाच्या कडेला, आणि तेथून १७९४ मध्ये मुदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर गेले. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीच्या आजाराने दगावला. कबर खणायलाही माणसे मिळेनात. कॅरींना या काळात काम होते: कारखाना होता, बंगाली शिकणे होते, भाषांतर होते. डॉरोथींना यांपैकी काहीच नव्हते. १७९५ पासून त्यांचे मन ढळले. पती आपल्याशी एकनिष्ठ नाही, असा भ्रम त्यांना जडला आणि १८०७ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत त्या त्यातून बाहेर आल्या नाहीत. मुले मोकाट वाढली. १८०० मध्ये कॅरी सेरामपूरला राहावयास आले, तेव्हा हॅना मार्शमन यांनी त्या मुलांना आईच्या मायेने शिस्त लावली. फेलिक्स, विल्यम व जेबेझ पुढे मिशनकार्यात शिरले, याचे पुष्कळसे श्रेय या बाईंकडे जाते. चरित्रकारांनी दीर्घकाळ डॉरोथींना थोर पुरुषाच्या मार्गातील अडथळा मानले. १९९२ मध्ये जेम्स बेक यांनी त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे त्यांची बाजू नीट पुढे आली.

पवित्र शास्त्रातही असे एक घर आहे. निर्गमाचा ४ था व १८ वा अध्याय एकापाठोपाठ वाचून पाहावा. मोशे मिद्यानातून मिसरास निघतो, तेव्हा पत्नीला व मुलांना गाढवावर बसवून सोबत घेतो (४:२०). मात्र १८:२ मध्ये कळते की त्याने सिप्पोरेला मध्यंतरी माहेरी परत पाठविले होते. केव्हा व का, हे शास्त्र सांगत नाही, आणि आपणही तर्क लढवू नये. लक्षात घेण्याजोगे आहे ते असे की, देवाच्या एवढ्या मोठ्या सेवकालाही कुटुंब सोबत ठेवण्याचा प्रश्न एकदाच सोडवून भागले नाही. गेर्षोम या थोरल्या मुलाच्या नावातच परक्या देशातला उपरेपणा आहे. इथ्रो मुलीला व नातवंडांना घेऊन रानात येतो. मोशे सामोरा जातो, सासऱ्याला नमन करून त्याचे चुंबन घेतो. आणि दुसऱ्याच दिवशी इथ्रोच्या काय दृष्टीस पडते? जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या तंट्यांत बसलेला! कामाची वाटणी करण्याचा जो प्रसिद्ध सल्ला तो देतो, त्यावर कारभाराचा धडा म्हणून पुष्कळ प्रवचने होतात. मुलीला आदल्या दिवशी पोहोचविणाऱ्या बापाचा तो सल्ला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आखाती देशांत जातात, म्हणून तेथलेच बोलतो. तेथे नोकरी करणाऱ्याच्या निवास परवान्यावर पत्नी व मुलांचा परवाना टांगलेला असतो. पत्नीला नोकरी करावयाची तर वेगळा परवाना लागतो. नोकरी गेली की सर्वांचाच मुक्काम हलतो. तेथे जन्मलेल्या मुलालाही त्या देशाचे नागरिकत्व मिळत नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा पुढील दोन-अडीच महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानाने मायदेशी आणावे लागले. अनेक संसार एका बॅगेत मावले. युद्धच व्हावे लागते असेही नाही. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून सोबतच्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिना १०० रियाल शुल्क लावले, ते दरवर्षी वाढून २०२० मध्ये ४०० झाले, आणि कित्येकांनी बायकामुलांना परत पाठविले. म्हणून जाण्याच्या बेताबरोबर परतण्याचा बेतही त्याच बैठकीत व्हावा. परतल्यावर राहावयाचे कोठे, मुलाची शाळा कोणती, हे तिकिटापूर्वी ठरलेले असावे.

बैठक म्हटले, तिच्यात पत्नी व जाणती मुलेही असावीत. पतीने घरभाडे व शाळेची फी यांचा हिशेब मांडावाच; पण सकाळी आठ ते रात्री आठ मी बाहेर असताना तू काय करशील, कोणाशी बोलशील, हा प्रश्न त्याने तोंडाने विचारावा आणि उत्तर नकारार्थी आले तर ते ऐकण्याची तयारी ठेवावी. आपल्याकडे घरातील वडील मंडळी व कधी पाळकसुद्धा अशा वेळी जॉन थॉमसांचे काम करतात, ते करू नये. काही घरांत पत्नीने व मुलांनी मागे राहणेच हिताचे ठरते; मुलगा नववी-दहावीत असेल तर विशेषच. तेथे सीबीएसईच्या शाळा पुष्कळ आहेत, पण राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला एकाच वेळी भाषा, पाठ्यक्रम व मित्र बदलावे लागतात. कागदांविषयी एक सूचना: बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखल्याच्या जागी चालत नाही. नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि विवाहाचा दाखला यांवरील नावांचे स्पेलिंग पासपोर्टाशी जुळते की नाही, हे आधी पाहावे. साक्षांकनाला वेळ लागतो.

उपासनेचा प्रश्न देशागणिक निराळा आहे. सौदी अरेबियात सार्वजनिक ख्रिस्ती उपासनेला मुभा नाही. कुवेतसारख्या देशांत चर्च आहेत आणि साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असल्याने त्या दिवशी मोठी गर्दी असते. तेथे गेलेल्या बाईला किटीच्या जागी कोणी मिळण्याची शक्यता याच ठिकाणी अधिक. यास्तव पतीने बिऱ्हाड पाहताना चर्चपर्यंत बस जाते का, हेही पाहावे. सर्वच घरी गाडी नसते.

मागे राहिलेल्या मंडळीलाही काम आहे. १९५० च्या दशकात भारतातील अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करण्यासाठी आलेल्या समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी अशा मुलांना तिसऱ्या संस्कृतीची मुले हे नाव दिले: आईबापांच्या देशातली पुरती नव्हेत, राहत्या देशातलीही नव्हेत. आखातात वाढलेला मुलगा बारावीनंतर बहुधा महाविद्यालयासाठी परततो, आणि आईबाप तेथेच राहतात. त्या वेळी त्याला ओळखणारे कोणी येथे हवे. शब्बाथ शाळेच्या पटावरून त्याचे नाव कमी करू नये. त्याच्या जुन्या शिक्षिकेने महिन्यातून एकदा त्याला मराठीत पत्र लिहावे, फोनवर नव्हे, कागदावर. आणि सुट्टीत तो आला की त्याला पाहुणा म्हणून व्यासपीठावर न बोलाविता वर्गात त्याच्या जुन्या जागी बसू द्यावे.