गोळा फुटला तर पैसे कोणाचे?

आमचं गाव राहुरी तालुक्यात, के. के. रेंजच्या बाजूला. लहानपणी फायरिंग सुरू झालं की मांडणीवरची भांडी वाजायची आणि आजी म्हणायची, "झाली यांची दिवाळी सुरू." इंजिनिअरिंगला आल्यावर मात्र प्रश्न पडला, चाचणीत काही विपरीत घडलं तर भरपाई कोण देणार?

सैन्याच्या सरावापुरतं उत्तर जुनं आहे. 1938 च्या कायद्यानुसार मैदानी गोळीबारात माणसाचं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर भरपाई संरक्षण अंदाजपत्रकातून मिळते. पण तेव्हा तोफ सरकारची आणि गोळाही सरकारचाच. 2001 मध्ये संरक्षण उत्पादन खाजगी कंपन्यांना खुलं झालं. धोका तर तोच राहिला. 17 डिसेंबर 2023 ला नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात 9 कामगार गेले.

मग विमा काढायचा की! इथेच गणित अडतं. समजा, मोठ्या अपघाताची शक्यता दहा हजारांत एक आणि नुकसान 5,000 कोटींचं. गुणाकार केला तर हप्ता 50 लाख येतो. पण मोटारसायकली लाखोंनी असतात, म्हणून त्यांची सरासरी काढता येते. नव्या क्षेपणास्त्राच्या चाचण्या मोजक्याच. 'दहा हजारांत एक' हा आकडाच अंदाजपंचे! त्यामुळे विमा कंपनी एकतर नाही म्हणते, नाहीतर हप्ता अनेक पट लावते. कंत्राटदार तो हप्ता किमतीत घालतो. म्हणजे अपघात झाला नाही तरी पैसे सरकारच भरतं.

अमेरिकेने यावर 1958 साली 85-804 क्रमांकाचा कायदा केला. त्याचं मूळ 1941 च्या युद्धकालीन अधिकारांत आहे. काम असामान्य धोक्याचं किंवा अणुशक्तीचं असेल, तर विम्यापलीकडचं नुकसान सरकार सोसेल, असं कंत्राटातच लिहून देता येतं. मात्र कंपनीच्या वरिष्ठांनी जाणूनबुजून गैरवर्तन केलं असेल तर हे संरक्षण नाही. मला ही अट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नाहीतर सुरक्षिततेवर खर्च करायचा कशाला?

आणि 'लिहून' या शब्दाला फार किंमत आहे बरं का. व्हिएतनाम युद्धात 'एजंट ऑरेंज' हे तणनाशक कंपन्यांनी सरकारच्या सांगण्यावरून बनवलं. पुढे आजारी पडलेल्या सैनिकांनी कंपन्यांवर दावे लावले आणि 1984 मध्ये 18 कोटी डॉलरवर तडजोड झाली. हर्क्युलिस कंपनीने आपला वाटा सरकारकडे मागितला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. कंत्राटात तसं लिहिलेलंच नव्हतं!

हे सगळं कंपन्यांच्या सोयीचं वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण कंपनीचं दिवाळं निघालं तर कोर्टाचा हुकूमनामा हातात घेऊन गावकऱ्याने जायचं कुठे? सरकार मागे उभं असेल तरच त्याचे पैसे सुटतात. म्हणून पहिला थर कंपनीच्या खिशातून, दुसरा विम्याचा आणि त्यावरचा सरकारचा, ही उतरंड मला पटते.

आपल्याकडे भोपाळनंतर 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाला विमा सक्तीचा झाला आणि चूक कोणाची हे सिद्ध न करता तातडीची मदत मिळायची सोय झाली. सरकारी मालकांना विम्यातून सूट देता येते, पण त्यांनी भरपाईसाठी वेगळा निधी आधी उभा केला असेल तरच.