वाचकांचे प्रश्न : संघ हरला, दोष कोणाचा?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसऱ्याच सामन्यात हरला. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले आहेत. काही जण म्हणतात, सर चुकले. सर्वांत जास्त गुण करणाऱ्या मुलाला त्यांनी ऐन वेळी बाहेर बसवलं. बाकीच्यांच्या मते तो मुलगाच चेंडू कोणाला देत नाही. मी स्वतः गावाकडे कबड्डी खेळलो आहे, बास्केटबॉल फक्त पाहिला आहे. बाहेर बसून पाहणाऱ्याला खेळाडूची आणि प्रशिक्षकाची खरी पारख करता येते का? येत असेल तर कशी?
— एक वाचक, चिखली (जि. बुलढाणा)

उत्तर : करता येते, आणि कबड्डी कळणाऱ्याला तर लवकर जमते. कोपऱ्यातल्या खेळाडूने घोटा धरला की सगळं मैदान त्याचं नाव घेतं. पण तुम्ही खेळलेले आहात, त्यामुळे चढाई करणारा त्या कोपऱ्यात अडकला तो कव्हरने त्याची दुसरी वाट बंद केली म्हणून, हे तुम्हाला सांगायला नको. गुण मात्र पकड करणाऱ्याच्या नावावर लागतो. बास्केटबॉलमध्ये असे कव्हर एका वेळी चार जण असतात.

साधा हिशोब करून पाहा. सामना ४० मिनिटांचा, दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा. त्यातला साधारण निम्मा वेळ चेंडू आपल्या संघाकडे, म्हणजे २० मिनिटं. ती पाच जणांत वाटली तर एकाच्या वाट्याला चार येतात. पूर्ण सामना खेळणारा मुलगासुद्धा जवळजवळ ३६ मिनिटं चेंडूशिवाय खेळतो, आणि तुमच्या कट्ट्यावरचा वाद उरलेल्या चार मिनिटांवरून चालला आहे. पुढच्या सामन्याला गेलात तर एक सत्र चेंडू पाहूच नका. एकच मुलगा निवडा आणि त्याच्यावरच नजर ठेवा. आपला नेम चुकल्यावर तो डोकं धरून उभा राहतो की उलटा धावत बचावाला येतो? समोरच्याने बास्केटकडे चेंडू टाकला की तो वर बघत राहतो की आधी आपल्या माणसाला पाठीवर घेऊन मग रिबाउंडला उडी मारतो? मागून स्क्रीन लागते आहे, म्हणजे समोरचा एक जण वाट अडवून उभा राहतो आहे, हे तो साथीदाराला ओरडून सांगतो का? स्वतःला पास मिळणार नाही हे ठाऊक असूनही तो कोपऱ्यात पळत जातो का, म्हणजे त्याच्यामागे एक बचावपटू जाईल आणि मधली जागा मोकळी होईल? सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटेल. दोन सत्रांनंतर मात्र तुम्हाला वेगळाच सामना दिसायला लागेल, आणि मला वाटतं तोच खरा सामना असतो.

आता जास्त गुण करणाऱ्या मुलाबद्दल. याच बुलढाण्याच्या तिरंदाज प्रथमेश जवकारने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या माइक श्लोसरला अंतिम फेरीत १४९-१४८ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. तिरंदाजीत ते १४९ गुण पूर्णपणे त्याचे एकट्याचे. बास्केटबॉलमधल्या २० गुणांबद्दल असं म्हणता येत नाही. ते किती प्रयत्नांत आले हे आधी विचारायला हवं. समजा एकाने २४ वेळा नेम धरून २० गुण केले आणि दुसऱ्याने ८ वेळा धरून १० केले. फलकाकडे पाहणाऱ्याला पहिला दुप्पट मोठा वाटतो. प्रत्यक्षात दर प्रयत्नामागे पहिल्याचा पाऊण गुणापेक्षा थोडा जास्त पडतो आणि दुसऱ्याचा सव्वा. त्याच वेळी पहिल्याची बाजूही समजून घ्या. समोरचे दोन-दोन बचावपटू त्याच्यावरच लागत असतील तर त्याला अवघड जागेवरून चेंडू टाकावा लागतो, आणि त्याच्यामुळेच दुसरा मोकळा सुटतो. म्हणून दोघांना एकमेकांशेजारी ठेवून पाहावं लागतं, आकडे वेगवेगळे काढून भागत नाही.

अमेरिकेत डीन ऑलिव्हर नावाच्या संख्याशास्त्राच्या अभ्यासकाने २००४ साली बास्केटबॉलवर एक पुस्तक लिहिलं. संघ कशामुळे जिंकतो याची त्याने चार कारणं मांडली आणि त्यांना ढोबळ वजनंही दिली : नेमबाजीला ४० टक्के, हातचा चेंडू न गमावण्याला २५, रिबाउंडला २० आणि फ्री थ्रोला १५. हे आकडे तिकडच्या व्यावसायिक खेळाचे आहेत. माझ्या मते आपल्याकडच्या महाविद्यालयीन सामन्यांत हातचा चेंडू गमावण्याचं वजन याहून कितीतरी जास्त आहे. चुकीचा पास, पायाला लागलेला ड्रिबल, दोन जणांनी घेरल्यावर घाबरून फेकलेला चेंडू यांतच निम्मे सामने जातात. एक वही घ्या, चार रकाने पाडा आणि दोन्ही संघांसाठी नुसत्या रेघा ओढा. सामना संपल्यावर वाद घालायला बसाल तेव्हा निदान काहीतरी समोर असेल.

आणि तुमच्या सरांनी त्या मुलाला बाहेर का बसवलं, हे ठरवण्याआधी त्याचे फाउल किती झाले होते ते पाहिलं होतं का? पाचव्या फाउलला खेळाडू सामन्याबाहेर जातो. तिसऱ्या सत्रातच चौथा फाउल झाला तर कोणताही शहाणा प्रशिक्षक त्याला शेवटच्या पाच-सहा मिनिटांसाठी राखून ठेवतो. गुणलेखकाच्या टेबलावर हे सगळं लिहिलेलं असतं.

पंचांबद्दल आणि समोरच्या संघाबद्दल बोलताना स्वतःच्या डोळ्यांवर जरा कमीच विश्वास ठेवा, असंही सुचवतो. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकन महाविद्यालयांत तिकडच्या फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. प्रिन्स्टनचा मुख्य खेळाडू नाक मोडून बाहेर गेला, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. पुढे दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची एकच चित्रफीत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून डार्टमथचे नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना सरासरी ९.८ दिसले, डार्टमथच्या मुलांना ४.३. यातलं कोणी खोटं बोलत नव्हतं, ज्याला त्याला तेवढेच दिसले होते. म्हणून तुमच्या कट्ट्यावर दोन्ही महाविद्यालयांशी संबंध नसलेला एखादा जुना खेळाडू असेल तर त्याचं मत आधी घ्या.

प्रशिक्षकाची पारख याहून अवघड आहे, आणि तिथेच आपण सर्वांत घाई करतो. बास्केटबॉल ज्यांनी शोधला ते जेम्स नेस्मिथ (डिसेंबर १८९१, स्प्रिंगफील्ड, पीचच्या दोन टोपल्या) पुढे कॅन्सास विद्यापीठाच्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. १८९८ ते १९०७ या काळात त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. कॅन्सासच्या बास्केटबॉलच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेले प्रशिक्षक तेवढे एकच. हा खेळ शिकवायचा नसतो, खेळायचा असतो, असं त्यांचं मत होतं. त्यांचाच शिष्य फॉग ॲलन याने हे मानलं नाही आणि १९५२ साली कॅन्सासलाच राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. तरीही नेस्मिथ वाईट शिक्षक होते असं कोणी म्हणणार नाही. निव्वळ जय-पराजयाने माणूस मोजला तर असं होतं.

दुसरी गोष्ट, सामना सुरू झाल्यावर प्रशिक्षकाच्या हातात फार थोडं उरतं. १९४९ पर्यंत तर अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळात टाइमआउटमध्येही प्रशिक्षकाला खेळाडूंशी बोलायची परवानगी नव्हती. त्याचं काम आधीच, सरावात, झालेलं असतं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे जॉन वुडन १९४८ मध्ये तिथे रुजू झाले आणि त्यांना पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९६४ मध्ये. त्यानंतर १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत त्यांनी दहा विजेतेपदं घेतली. पहिली पंधरा वर्षं त्यांना ‘बदला’ म्हणणारे प्रेक्षक यशस्वी झाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्यांच्या अखेरच्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर या दोन संशोधकांनी सरावाला बसून त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृती नोंदवल्या. त्यांतल्या सुमारे पाऊणशे टक्के म्हणजे निव्वळ माहिती होती : काय करायचं, कसं करायचं, कधी करायचं. शाबासकी ६.९ टक्के आणि नाराजी ६.६ टक्के. प्रशिक्षक रेषेवर उभा राहून किती ओरडतो किंवा किती टाळ्या वाजवतो, यावरून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही, असं मी यामुळेच म्हणतो.

आता हे आपल्या मातीवर आणून पाहू. बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा अशा पाच जिल्ह्यांचा तो पसारा. महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचे संचालक बहुधा एकच असतात, आणि कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स, क्रिकेट, बास्केटबॉल हे सगळं त्यांच्याच गळ्यात असतं. यांतल्या कितीतरी जणांची जडणघडण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालेली आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं घेऊन गेलेल्या या संस्थेने विदर्भाला अष्टपैलू क्रीडाशिक्षक दिले. पण अष्टपैलू माणूस एकट्या बास्केटबॉलला दिवसाचे किती तास देणार? पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या शाळेत बास्केटबॉलचा खांबच नसतो. उघड्यावरचं सिमेंटचं मैदान, तीन-चार वर्षांत पदवी घेऊन जाणारी मुलं, आणि त्यांतला एखादा तयार झाला की तो विद्यापीठाच्या संघात निवडला जातो, शिबिराला जातो, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळतो. त्याला कलर कोट मिळाला की सरांची छाती फुगते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा माणसाला एका सामन्यावरून नालायक ठरवलं की मला फार वाईट वाटतं.

याचा अर्थ त्यांना प्रश्नच विचारू नयेत असा नाही. प्रश्न नेमका विचारा. महाविद्यालयात येण्याआधी ज्याने चेंडू हातात धरला नव्हता, तो मुलगा आता डाव्या हाताने लेअप घालतो का? राखीव खेळाडू तिसऱ्या सत्रात आत आला तर कुठे उभं राहायचं हे त्याला ठाऊक असतं, की तो बाकाकडे बघत राहतो? टाइमआउटनंतरच्या पहिल्या दोन चालींत काही बदललेलं दिसतं का? समोरच्यांनी झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा वाटून घेतलेला बचाव, लावला तेव्हा मुलांकडे त्यावर काही तोड होती का? हंगामाच्या पहिल्या आणि शेवटच्या सामन्यात हातचे चेंडू गमावण्याच्या रेघा कमी झाल्या का? पाचांपैकी तीन उत्तरं ‘हो’ असतील तर संघ हरला तरी सर चांगले. सगळी ‘नाही’ असतील तर विजेतेपद मिळालं तरी मी त्यांचं कौतुक करणार नाही, कारण ते यश मुलांनी शाळेतून आणलेलं असतं.

आणि संध्याकाळी सरावाला जाऊन बसा. बंदी कोणी घालणार नाही, उलट पडलेले चेंडू उचलून द्यायला माणूस मिळाला म्हणून सर खूश होतील. प्रशिक्षक कळायला सामन्यांपेक्षा आठवडाभराचा सराव जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न : ‘आज त्याचा हात चालतोय, त्यालाच चेंडू द्या’ असं प्रेक्षक ओरडतात. खरंच असं काही असतं का?
— एक वाचक, खामगाव

उत्तर : बरीच वर्षं शास्त्रज्ञ ‘नसतं’ म्हणत होते. १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी १०० बास्केटबॉलप्रेमींना विचारलं तेव्हा ९१ जणांनी ‘असतं’ म्हणून सांगितलं. पण फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाच्या नोंदी आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या खेळाडूंची नेमबाजी तपासल्यावर त्यांना त्याचा मागमूस सापडला नाही. २०१८ साली मिलर आणि सांहुर्हो यांनी त्यांच्या हिशोबातली एक बारीक खोच दाखवली. नाणं तीनदा उडवा, छाप्यानंतर पुन्हा छाप्याचं प्रमाण काढा, आणि असं पुष्कळ वेळा करून त्या प्रमाणांची सरासरी घ्या. ती ५० टक्के येत नाही, सुमारे ४२ येते. छोट्या मालिकांत हा तोटा आपोआप होतो. तो भरून काढला की कॉर्नेलच्या त्याच आकड्यांत ‘हात चालण्या’ची खूण दिसते. म्हणजे प्रेक्षक अगदीच चुकत नव्हते. सामन्यात मात्र हात चालू लागलेल्या मुलावर लगेच दुसरा बचावपटू येतो आणि तो स्वतःही लांबून नेम धरायला लागतो, त्यामुळे फायदा बराचसा तिथेच विरतो. तो मोकळा असेल तर पास त्यालाच द्यावा. दोघांनी घेरलेला असेल तर ज्याला सोडून दुसरा बचावपटू आला, त्या मोकळ्या मुलाला द्यावा.