हया आणि आरोग्य

गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाएकी उद्भवत नाही. पेशींतील पहिल्या बदलापासून रोग जडेपर्यंत बहुधा दहाहून अधिक वर्षे जातात. तरीही गरीब वस्त्यांतील स्त्रिया रुग्णालयात उशिरा पोहोचतात. कारण तपासणीला जावे तर मजुरी बुडते आणि संकोच पाय रोखतो.

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तपासणीच स्त्रियांच्या दारी नेली. दहावी शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे प्रशिक्षण दिले गेले. सौम्य असेटिक आम्ल गर्भाशयमुखावर लावल्यास मिनिटभरात सदोष भाग पांढरा दिसतो, एवढीच ती पद्धत. संशय आल्यास पुढील निदान व उपचार रुग्णालयात होत. ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाला : तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

भगिनींनो, स्त्रीनेच स्त्रीला तपासण्यात हयेला बाधा कोणती? शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून घेणे, हे त्या अमानतीचे रक्षणच होय.