राखणदार कुत्र्याची जंतमुक्ती

सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी व कवठे महांकाळ हे अवर्षणप्रवण तालुके मेंढपाळीसाठी प्रसिद्ध आहेत. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी याच परिसरातील. पाऊस सरला की कळप चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात आणि रात्री वाड्याची राखण कुत्रा करतो. या सोबत्याला जंत झाले, तर त्याची झळ कळपाला आणि कुटुंबालाही लागते.

उपचार आणि सुधारणा

पोट फुगलेले, फासळ्या दिसणारे, राठ केसांचे पिलू जात्याच अशक्त आहे, असे समजले जाते. वस्तुतः गोल जंत आईच्या गर्भातून आणि अंकुशकृमी दुधातून पिलात येतात. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. त्यामुळे हिरड्या पांढुरक्या पडतात आणि वेळीच इलाज न झाल्यास पिलू दगावते.

औषध दिल्यावर विष्ठेतून जंत पडू लागले, तर घाबरण्याचे कारण नाही. हळूहळू भूक सुधारते आणि शौच घट्ट होते. रक्त भरून येण्यास मात्र काही आठवडे लागतात. या काळात भाकरीच्या जोडीला अंडी किंवा शिजविलेले मांस द्यावे. एका मात्रेने काम संपत नाही. औषधाने आतड्यातील जंत मरतात, पण शरीरात इतरत्र दडलेल्या अळ्या पुढे आतड्यात येतात. म्हणून पिलांना वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांचे होईपर्यंत औषध द्यावे. मात्रा वजनावर ठरते. ती पशुवैद्यकाकडूनच घ्यावी.

न दिसणारा धोका

धष्टपुष्ट कुत्रा निरोगी असेलच, असे नाही. हायडॅटिड रोगाचा पट्टकृमी जेमतेम काही मिलिमीटर लांब असतो आणि कुत्र्यात त्याची लक्षणे सहसा दिसत नाहीत. मेंढीच्या यकृतातील किंवा फुफ्फुसातील पाण्याने भरलेल्या गाठी कच्च्या खाल्ल्याने तो कुत्र्यात शिरतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात आणि कुत्र्याच्या केसांवर पसरतात. ती पोटात गेल्यास माणसाच्याही यकृतात वा फुफ्फुसात तशाच गाठी होतात. त्या वर्षानुवर्षे वाढतात आणि अनेकदा शस्त्रक्रियेची वेळ येते. दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे मेंढीच्या मेंदूत गाठ होते. अशी मेंढी गोल गोल फिरू लागते.

पट्टकृमीवर प्राझिक्वान्टेल हे औषध गुणकारी आहे. तथापि ते अंड्यांचा नाश करीत नाही. म्हणून औषधानंतर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवावा आणि त्याची विष्ठा जाळावी किंवा खोल पुरावी. हायडॅटिडचा पट्टकृमी साधारण सहा ते सात आठवड्यांत अंडी घालू लागतो. त्यामुळे कळपासोबतच्या कुत्र्याला सहा आठवड्यांच्या अंतराने मात्रा देणे हितावह ठरते. परंतु कच्ची आतडी-काळजे पुढ्यात पडत राहिली, तर बरा झालेला कुत्रा पुन्हा बाधित होतो.

गावाचे कर्तव्य

कुत्र्यांना नियमित औषध आणि कच्च्या अवयवांवर बंदी या दोन उपायांच्या बळावर न्यूझीलंडने हा रोग जवळजवळ हद्दपार केला आणि २००२ साली तशी घोषणा केली. मेंढ्यांची संख्या प्रचंड असलेल्या देशाला जे साधले, ते आपल्या गावांनाही अशक्य नाही.

जत्रेच्या काळात कापलेल्या जनावरांचे टाकाऊ अवयव पुरण्यासाठी ग्रामपंचायतीने खोल खड्डा राखावा. कळप बाहेर पडण्यापूर्वी आणि परतल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने कुत्र्यांना औषध पाजण्याचे दिवस ठरवावेत. शिरवळ येथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील जाणकारांना शाळेत निमंत्रित करता येईल. कुत्र्याला हात लावल्यावर हात धुण्याची सवय शिक्षकांनी मुलांना लावावी.

कुत्रा रात्रभर कळपाची राखण करतो. त्याच्या आरोग्याची राखण गावाने करावयास हवी.