गारपिटीचा पट्टा व त्याची पाहणी

वादळाने एका शेतकऱ्याचा उभा गहू मातीस मिळवावा आणि बांधापलीकडील शेजाऱ्याची एक ओंबीही गळू नये, हा प्रकार आपल्या भागात नवा नाही. पुष्कळ लोक यास दैवाचा खेळ म्हणून सोडून देतात. परंतु या खेळास नियम आहेत आणि ते ठाऊक नसल्याने पुढे पंचनाम्याच्या वेळी नुकसान होते, म्हणून त्यांचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती वाचकांच्या स्मरणात असेलच. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा, तीतून सुटला नाही. वेळही अशी की, गहू व हरभरा काढणीस आलेला, शाळू कणसात भरलेला, मोसंबीच्या बागेत मृग बहराचे फळ तोडणीस आलेले आणि आंबिया बहर नुकताच धरलेला. एका तडाख्यात दोन बहरांची हानी होते ती अशी.

मार्च महिन्यात जमीन दुपारी तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा खालच्या थरात असते आणि वरच्या थरात उत्तरेकडील थंड, कोरडी हवा शिरते. असा योग आला म्हणजे ढग झपाट्याने उंच चढतो. जमिनीपासून चारपाच किलोमीटरवर गोठणबिंदू असतो; त्याच्याही वर वाऱ्याच्या उसळीने पाण्याचे थेंब फेकले जाऊन गोठतात व त्यांवर बर्फाची पुटे चढतात. मोठी गार मधोमध फोडून पाहावी. कांद्याप्रमाणे तिच्यात पांढरी व पारदर्शक पुटे दिसतात. वाऱ्यास वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. ढग मात्र एका जागी थांबत नाही. वरचे वारे या दिवसांत बहुधा पश्चिमेकडून वाहत असल्याने तो पूर्वेच्या अंगाने सरकत जातो आणि गारांचा लांबट पट्टा जमिनीवर उमटतो. त्याची रुंदी कधी चार शेतांची, कधी कोसभर. लांबी तिच्या कित्येक पट.

अशाच जातीच्या ढगातून कधी जमिनीपर्यंत फिरती सोंड उतरते. तिला टॉर्नेडो म्हणतात. बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर व साटुरिया या भागावरून 26 एप्रिल 1989 रोजी गेलेल्या अशा वादळात सुमारे 1300 माणसे मेली. आपल्याकडे हा प्रकार फार विरळ. पत्रे उडाले की आपण सरसकट ‘वावटळ आली’ म्हणतो, पण ढगातून कोसळणारा थंड वाराही तेवढेच करू शकतो. दोहोंतील भेद फुजिता या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञाने विमानातून पडलेली झाडे पाहून दाखविला. फिरत्या सोंडेच्या वाटेवर झाडे निरनिराळ्या दिशांनी, एकमेकांवर आडवीतिडवी पडतात. कोसळत्या वाऱ्यात ती एका मध्यापासून बाहेर पसरलेली किंवा एकाच दिशेस लोळलेली आढळतात. बाग पडल्यावर बुंधे उचलण्यापूर्वी ते कोणीकडे पडले, हे प्रत्येक मालकाने पाहून ठेवावे.

आता मुद्द्याची गोष्ट. हानी पट्ट्याने होते, हिशोब मात्र मंडळाने होतो. 2016 साली सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीची हानी वैयक्तिक शेताच्या पाहणीने धरण्याची सोय होती. 72 तासांत सूचना देणे एवढी अट. महाराष्ट्राने 2025 च्या खरिपापासून ही सोय वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर सोपविली. समजा, मंडळात वीस गावे आहेत व पट्टा तीन गावांच्या काही गटांवरून गेला. प्रयोगाची शेते यदृच्छेने निवडली जातात. ती पट्ट्याबाहेर पडली, तर कागदावर मंडळाचे उत्पन्न चांगले दिसते आणि ज्याचे सर्व गेले तो रिकाम्या हाताने राहतो. गारपिटीच्या स्वरूपास हा हिशोब लागू पडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सबब सरकारी मदतीचा पंचनामा हाच अशा शेतकऱ्याचा मोठा आधार उरतो. त्यासाठी हानी शेकडा 33 वा अधिक असावी लागते. 2015 पूर्वी ही मर्यादा शेकडा 50 होती. वादळाच्या दुसऱ्या सकाळी गावातील चारसहा जाणत्यांनी गावनकाशा घेऊन पट्ट्याची कड पायी फिरावी व हानी झालेले गट क्रमांक त्यावर मांडावेत. मोबाईलवर स्थान व वेळ उमटेल अशी छायाचित्रे घ्यावीत. कडेच्या शाबूत शेताचेही एक घ्यावे, कारण तुलनेवाचून हानी पटत नाही. एकेकट्याच्या तक्रारीपेक्षा असा नकाशा तलाठ्यापुढे ठेवल्यास त्याचेही काम सोपे होते. लोळलेले पीक त्यापूर्वी उचलू नये. उचलणे भागच पडले, तर नमुन्याचा एक वाफा तसाच ठेवावा.

मोसंबीची झाडे मात्र थांबू शकत नाहीत. ज्या अंगाने गारा आल्या त्या अंगाची साल फुटते व तेथून बुरशी शिरते. छायाचित्र होताच मोडक्या फांद्या धारदार करवतीने कापाव्यात आणि जखमांवर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी. पुढे त्याच दोन वस्तू शंभर लिटर पाण्यात घेऊन केलेल्या मिश्रणाची झाडावर फवारणी करावी. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये.