सैनिकाचे धैर्य, पित्याचे मन

प्रस्तावना

रणांगणावर शत्रूसमोर उभे राहण्यास धैर्य लागते, हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु युद्ध संपल्यावर त्याच शत्रूकडे माणूस म्हणून पाहण्यासही धैर्य लागते, याचा विचार आपण सहसा करत नाही. ही दोन्ही प्रकारची धैर्ये ज्यांच्या जीवनात एकत्र आली, त्या अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचा परिचय या पाठात करून दिला आहे. पाठ वाचताना त्यांचे नौदलातील कार्य आणि त्यांचे कौटुंबिक जीवन यांचा परस्परांशी असलेला संबंध लक्षात घ्या.

नौदलातील वाटचाल

रामदास यांचा जन्म ५ सप्टेंबर १९३३ रोजी मुंबईतील माटुंगा येथे झाला. १९४९ मध्ये ते देहरादून येथे लष्करी प्रशिक्षणासाठी दाखल झाले आणि १९५३ मध्ये नौदलात अधिकारी झाले. १९६९ मध्ये कोचीन येथे नौदल अकादमी स्थापन झाली. तिच्या उभारणीत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता.

डिसेंबर १९७१ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध झाले. त्या वेळी रामदास हे ‘बियास’ या युद्धनौकेचे प्रमुख होते. ही नौका पूर्वेकडील ताफ्यात होती. आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. तेथील सैन्याला समुद्रमार्गे कुमक मिळू नये आणि त्याच मार्गाने निसटताही येऊ नये, यासाठी भारतीय नौदलाने बंगालच्या उपसागरात नाकेबंदी केली. या मोहिमेत ‘बियास’ने भाग घेतला. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाका येथे पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. युद्धातील कामगिरीबद्दल रामदास यांना वीरचक्र देण्यात आले.

घर आणि संसार

नौदलातील माणसाचा संसार इतरांसारखा नसतो. नौका बंदर सोडून गेली, की घराचा सारा भार मागे राहिलेल्या माणसांवर पडतो. रामदास यांच्या पत्नी ललिता यांना हे जीवन लहानपणापासूनच परिचित होते. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख रामदास कटारी हे त्यांचे वडील. ललिता यांनी संसार सांभाळलाच. शिवाय प्रौढ शिक्षणाच्या क्षेत्रातही मोठे काम केले. ज्यांना वयाच्या योग्य टप्प्यावर शाळेत जाता आले नाही, त्यांना शिकण्याची दुसरी संधी मिळावी, यासाठी त्या झटल्या. आंतरराष्ट्रीय प्रौढ शिक्षण परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. पती पदाच्या पायऱ्या चढत असताना पत्नीचे कार्य झाकोळून गेले नाही, ही या घराची विशेषता होती.

या दांपत्याला तीन मुली झाल्या. तिघींनी आपापल्या जीवनाच्या वाटा स्वतः निवडल्या. त्यांपैकी सागरी या पशुवैद्यक झाल्या, तर कविता यांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी जागतिक पातळीवर काम केले. कविता यांनी पाकिस्तानी तरुणाशी विवाह केला. ज्या देशाविरुद्ध पित्याने युद्ध केले होते, त्याच देशातील मुलगा जावई म्हणून घरी आला. कोणत्याही पित्याची येथे परीक्षाच होती. सैनिक असलेल्या पित्याची तर अधिकच. रामदास यांनी मुलीच्या निवडीचा मान राखला. देशाशी असलेली निष्ठा आणि माणसांविषयीची माया या एकाच हृदयात नांदू शकतात, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखवून दिले.

नौदलाची दारे उघडली

३० नोव्हेंबर १९९० रोजी रामदास यांनी नौदलप्रमुखपदाची सूत्रे स्वीकारली. त्यांच्याच कार्यकाळात, १९९२ मध्ये, वैद्यकीय सेवेखेरीज नौदलाच्या इतर काही शाखाही स्त्री-अधिकाऱ्यांसाठी खुल्या झाल्या. सुरुवात मोजक्या शाखांपासून झाली; पण बंद दार एकदा किलकिले झाले, की पुढचे पाऊल सोपे होते. २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा स्त्री-अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नौदलातील स्त्री-अधिकाऱ्यांचा कायमस्वरूपी सेवेचा हक्क मान्य केला.

निवृत्तीनंतरचे कार्य

१९९३ मध्ये निवृत्त झाल्यावर रामदास पतिपत्नी अलिबागजवळच्या भायमळा या गावी राहू लागले. युद्धातील शौर्याबद्दल मिळालेल्या जमिनीवर त्यांनी घर बांधले आणि शेती केली. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी याच अलिबागेत आहे. आंग्र्यांच्या भूमीत नौदलाचा हा निवृत्त सेनानी शेतकरी झाला.

मात्र ते स्वस्थ बसले नाहीत. भारत आणि पाकिस्तान येथील सामान्य नागरिकांमध्ये संवाद व्हावा, यासाठी त्यांनी अनेक वर्षे काम केले. अण्वस्त्रांना त्यांनी जाहीर विरोध केला. सैनिकाने शांततेची भाषा बोलावी, हे अनेकांना रुचले नाही. त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु ज्याने युद्ध जवळून पाहिले आहे, त्याला त्याची किंमत इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. २००४ मध्ये त्यांना पाकिस्तानातील आय. ए. रहमान यांच्यासमवेत रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोन्ही देशांतील दोघांना एकाच कार्यासाठी एकत्र गौरविले जावे, हे अर्थपूर्ण होते.

१५ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी रामदास यांचे निधन झाले. गणवेश उतरल्यावरही कर्तव्य संपत नाही आणि घरात जपलेली मूल्येच बाहेरच्या जगात उपयोगी पडतात, हा त्यांच्या जीवनाचा बोध आहे.

शब्दार्थ

कुमक – मदतीसाठी पाठविलेले सैन्य
नाकेबंदी – येण्याजाण्याचे मार्ग अडविणे
सरखेल – आरमाराचा प्रमुख
झाकोळणे – झाकले जाणे, फिके पडणे
किलकिले – किंचित उघडे

स्वाध्याय

१. १९७१ च्या युद्धात नाकेबंदी कोणत्या हेतूने करण्यात आली?
२. ‘कोणत्याही पित्याची येथे परीक्षाच होती’, असे पाठात का म्हटले आहे?
३. ललिता रामदास यांचे कार्य तुम्हांला जवळचे का वाटते? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. तुमच्या कुटुंबातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीने इतरांच्या टीकेची पर्वा न करता घेतलेला एक निर्णय आठवा आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.