इंद्रधनुषी ट्राउट व स्टीलहेड : नदीवर गळ टाकणाऱ्या नवशिक्यासाठी

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेस पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांत इंद्रधनुषी ट्राउट हा मासा मूळचा आहे. अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या गुलाबी-तांबूस पट्ट्यामुळे त्यास हे नाव मिळाले. याच जातीची काही पिल्ले एक ते तीन वर्षे नदीत वाढून समुद्रात उतरतात व तेथे आणखी काही वर्षे काढून, रुपेरी व कितीतरी मोठी होऊन, अंडी घालण्यासाठी जन्मनदीकडे परततात. अशा माशास स्टीलहेड म्हणतात. दोहोंचे शास्त्रीय नाव एकच आहे. एकाच मादीच्या पिल्लांपैकी काही नदीतच राहावीत आणि काही समुद्राला जावीत, असेही घडते. भारतात निलगिरीच्या ओढ्यांत हा मासा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणून सोडण्यात आला; काश्मीर व हिमाचल प्रदेशातील थंड प्रवाहांतही आज तो आढळतो. महाराष्ट्रातील नद्यांचे पाणी उन्हाळ्यात फार तापत असल्याने तेथे त्याचा निभाव लागत नाही.

मासा कोठे उभा असतो

नवशिक्याचा बहुतेक वेळ मासा नसलेल्या पाण्यात गळ टाकण्यात जातो. काठीच्या किमतीपेक्षा नदीची ओळख अधिक उपयोगी पडते, ती याच कारणाने. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो व वाहत येणारे किडे, अळ्या टिपतो. वेगवान पाण्यात सतत पोहत राहणे त्यास परवडत नाही आणि अगदी संथ पाण्यात अन्न येत नाही. म्हणून वेगवान व संथ प्रवाह जेथे एकमेकांस भिडतात तेथे, मोठ्या धोंड्याच्या पुढे व मागे, खळाळ संपून डोह सुरू होतो त्या तोंडाशी आणि काठ आतून पोखरला असेल तेथे तो सापडतो. पृष्ठभागावर वाहणारा फेस पाहिला, तर ही जागा बहुधा आपोआप कळते. फेस ज्या रेषेने जातो, त्याच रेषेने अन्नही जाते.

मासा वरच्या बाजूस पाहत असल्यामुळे त्याच्या पाठीमागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाने जावे. सावली पाण्यावर पडू देऊ नये. आरंभी जवळच्या पाण्यात गळ टाकावा व मग दूर जावे. पहिल्याच फेकीस पलीकडचा काठ गाठण्याच्या हौसेत पायाशी असलेले मासे उधळले जातात.

आमिष कोणतेही असो, ते पाण्याच्या वेगाने, तळाजवळून, ओढले न जाता वाहिले पाहिजे. दोरीवर प्रवाहाचा ताण आला की आमिष अस्वाभाविकपणे सरकते व मासा त्याकडे पाठ फिरवतो. शिशाचे वजन अधूनमधून तळाच्या गोट्यांस लागत असेल, तर खोली योग्य आहे असे समजावे. लहान ट्राउटसाठी दोन ते तीन किलो ताण सोसणारी दोरी पुरते. स्टीलहेडसाठी चार ते पाच किलोंची घ्यावी.

स्टीलहेडची गोष्ट निराळी

स्टीलहेड साधारणतः साडेतीन ते पाच किलोंचा असतो, क्वचित याहून पुष्कळ मोठा. काही कळप मे ते ऑक्टोबर या काळात नदीत शिरतात व पुढील वसंतापर्यंत तेथेच राहतात. काही नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये अंडी घालण्याच्या तयारीनेच येतात. नदीत आल्यावर हा मासा फारसे खात नाही. त्यास भूक लागेल म्हणून वाट पाहणे व्यर्थ होय; आमिष त्याच्या तोंडासमोरून पुनःपुन्हा गेले पाहिजे. तेथील जाणकार त्यास ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात, त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. पावसानंतर नदी गढूळ होऊन चढते, तेव्हा घरी राहावे. पाणी उतरू लागून त्यास हिरवट रंग आला आणि दोन-तीन फूट खोलवर दिसू लागले, की तो दिवस साधावा.

पाण्यात पाऊल टाकताना

या नद्यांचे पाणी हिवाळ्यात गोठणबिंदूच्या जवळ असते व तळाचे गोटे शेवाळाने निसरडे झालेले असतात. हातात काठी असावी, जलरोधक विजारीवर कमरपट्टा आवळलेला असावा, एक पाय घट्ट रोवल्यावाचून दुसरा उचलू नये. प्रवाहात पडल्यास उठून उभे राहण्याची धडपड करू नये. उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावे व तिरके काठाकडे सरकावे.

पाऊल जपून टाकण्याचे आणखी एक कारण आहे. मादी शेपटीने रेती-खडीत खळगा करून अंडी घालते व ती खडीने झाकते. तळावर आजूबाजूपेक्षा स्वच्छ, उजळ खडीचा लांबट पट्टा दिसला, तर तेथे अंडी असण्याचा संभव असतो. त्यावरून चालल्यास ती चिरडतात आणि वरून कोणास काही कळतही नाही.

कोणता मासा ठेवावा

धरणे, वृक्षतोड व पाण्याचा उपसा यांमुळे निसर्गतः जन्मणारा स्टीलहेड अनेक नद्यांत घटला आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील स्टीलहेडची नोंद १९९७ साली संकटग्रस्त म्हणून झाली, तर पुजेट साउंड परिसरातील स्टीलहेड २००७ साली धोक्यातील म्हणून नोंदला गेला. मत्स्यबीज केंद्रात वाढविलेल्या पिल्लांचा पाठीवरील, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापून मगच त्यांना नदीत सोडतात. वॉशिंग्टन व ऑरेगन राज्यांतील बहुतेक पाण्यांत हा पर शाबूत असलेला स्टीलहेड परत सोडावाच लागतो. म्हणून मासा हाती आल्याबरोबर प्रथम तो पर पाहावा, आनंद मागाहून करावा.

सोडण्याची रीतही शिकून घ्यावी लागते. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. ब्रिटिश कोलंबियाच्या नद्यांत तर काटाविरहित एकच गळ वापरण्याचा नियम आहे. हात ओले करूनच मासा धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील चिकट आवरण निघून जाते. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. गळ काढताना माशाचे डोके पाण्यातच असावे. छायाचित्रासाठी त्यास काठावर लोळविण्याची चाल निंद्य आहे आणि वॉशिंग्टनमध्ये सोडावयाचा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण उचलणे नियमबाह्यही आहे. तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून निसटेपर्यंत आधार द्यावा. पाण्याचे तापमान वीस अंशांच्या वर गेले असेल, तर सोडलेला मासाही पुढे मरण्याचा संभव असतो. अशा दिवशी गळ टाकूच नये.

नियम नदीगणिक, कित्येकदा एकाच नदीच्या पट्ट्यागणिक बदलतात व कळप कमी आल्यास हंगामाच्या मध्येही नदी बंद केली जाते. यासाठी परवाना काढताना त्या वर्षाची नियमपुस्तिका घ्यावी आणि निघण्याच्या दिवशी नवी सूचना निघाली आहे काय, हे पाहावे. वॉशिंग्टनमध्ये ठेवलेल्या प्रत्येक स्टीलहेडची नोंद नदीकाठीच, तत्काळ, नोंदपत्रावर करावी लागते.